शंभर कशाचे, ते छापा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या घडीत एका इंटरनेट सेवेचं पत्रक आलं होतं. पुढच्या बाजूला ठसठशीत मराठीत '१०० एमबीपीएस'. मागच्या बाजूला तेच इंग्रजीत, चारही अक्षरं कॅपिटल. तळाशी अटींच्या बारीक टायपात पुन्हा तेच, या खेपेला चारही अक्षरं छोटी. एका कागदावर एकाच वेगाची तीन रूपं. काटेकोर वाचलं तर त्यातल्या दोघांचे अर्थ भलतेच निघतात आणि तिसऱ्याचा अर्थ लागतच नाही.

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे काटे, लक्ष्मीपुरीतली धान्याची मापं, पेट्रोल पंप, सराफांच्या पेढीवरची बारीक वजनं तपासण्यात नोकरी गेली. त्यामुळे कुठल्याही कागदावर मला आधी एकक दिसतं, आकडा नंतर. पाकीटबंद मालाचे १९७७ चे आणि पुढे २०११ चे नियम आम्हाला पाठ असायचे. निव्वळ वजनाचा आकडा किती उंचीचा छापायचा, हेसुद्धा त्यात सांगितलेलं आहे. ग्रॅमचं चिन्ह म्हणजे रोमन छोटा 'जी', बस. त्याला 'एम' चिकटवला की आम्ही बोट ठेवायचो. व्यापारी वैतागायचे. "एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय साहेब?" असं म्हणायचे. ग्रॅमच्या बाबतीत खरंच काही कोसळत नव्हतं, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. पण इंटरनेटच्या वेगात एका अक्षरानं आठपट फरक पडतो.

तर त्या पत्रकाकडे वळतो. रोमन छोटा 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. मोठा 'एम' म्हणजे मेगा, दहा लाख. छोटा 'एम' म्हणजे मिली, एक हजारांश. बरोबर चिन्ह मोठा 'एम', छोटा 'बी' असं आहे: मेगाबिट प्रति सेकंद. आता कॅपिटलवालं रूप अक्षरशः धरलं तर सेकंदाला १०० मेगाबाइट, म्हणजे ८०० मेगाबिट द्यायचं वचन होतं. एवढ्या पैशात ते कोणी देणार नाही. छोट्या अक्षरांचं रूप अक्षरशः धरलं तर सेकंदाला १०० मिलिबिट, म्हणजे एका बिटाचा दहावा भाग. 'कोल्हापूर' हा शब्द देवनागरीत पाठवायचा झाला तर काना, मात्रा, हलन्त धरून नऊ खुणा होतात. आज सर्रास वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. एकूण २७ बाइट, २१६ बिट. तळाच्या ओळीत छापलेल्या वेगानं आपल्या गावाचं नाव पोचायला ३६ मिनिटं लागतील.

ही गंमत झाली. छपाईतला ढिलेपणा आहे हे कोणालाही कळतं. मला खरी चिंता पुढच्या पानावरच्या मराठी ओळीची आहे. देवनागरीत छोटं-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. 'एमबी' लिहिलं की ते मेगाबिट आहे की मेगाबाइट, हे ओळखायला वाचकाकडे काही साधन उरत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला निदान चिन्ह नीट छापलं तर शहानिशा करता येते, मराठी वाचणाऱ्याला तेही नाही.

याचा त्रास कसा होतो ते आमच्या गल्लीतच दिसलं. लग्नाचे फोटो-व्हिडिओ आणि अल्बम डिझायनिंग करणारा एक पोरगा आमच्या शेजारी राहतो. त्याचं आणि नेटवाल्याचं रस्त्यावर चांगलंच वाजलं होतं. पोरगा म्हणत होता, "शंभरचं पैसं मोजतोय आणि अकरावर गप पडतंय बघा काका." नेटवाला आपला, "आमच्याकडनं फुल्ल सोडलंय," एवढंच म्हणत होता. दोघंही तावातावानं बोलत होते आणि दोघंही खरं बोलत होते. खात्यात असताना अशी भांडणं पुष्कळ सोडवली आहेत, म्हणून दोघांना कट्ट्यावर बसवलं आणि कागद घेतला.

शंभर मेगाबिटला आठनं भागलं की साडेबारा मेगाबाइट. इथवर सोपं. पण तारेतून आपला माल एकटा येत नाही. माहितीचे तुकडे करून पाठवतात आणि प्रत्येक तुकड्याला पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा जोडलेला असतो. पूर्ण भरलेला एक तुकडा तारेवर १५३८ बाइटांची जागा खातो, त्यात आपल्या फाइलचे असतात १४६०. म्हणजे पाच टक्के गळती ही रीतसर गळती आहे, चोरी नव्हे. साडेबाराचे राहिले सुमारे ११.८७. शिवाय त्या पोराच्या संगणकावर विंडोज आहे आणि विंडोज मेगाबाइट मोजताना दहा लाख धरत नाही, १०,४८,५७६ धरतं. त्या हिशेबानं ११.८७ चे होतात ११.३. पोरगा अकरा म्हणत होता ते तंतोतंत बरोबर होतं आणि नेटवाल्यानं शंभर सोडले होते तेही बरोबर होतं. काटा चोख होता, पावतीवर एकक नव्हतं. मला वाटलं आता मिटलं. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "मग यांनी साडेबारा असं का छापलं नाही?" नेटवाल्यापाशी उत्तर नव्हतं. "कंपनीकडनंच असं छापून येतंय," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

उत्तर अर्थातच सगळ्यांना ठाऊक आहे: शंभर हा आकडा साडेबारापेक्षा देखणा दिसतो. पण सगळं पाप जाहिरातदारांच्या माथी मारणंही बरोबर नाही. तारेनं संदेश पाठवणाऱ्यांनी पहिल्यापासून बिटच मोजले, कारण तारेवरून ते एकामागून एक जातात. बिट हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधातून रूढ झाला. त्यांनीच त्याचं श्रेय जॉन ट्युकी यांना दिलेलं आहे. बाइट ही संगणकवाल्यांची गरज. १९५६ मध्ये आयबीएममध्ये काम करताना वेर्नर बुखहोल्झ यांनी तो शब्द काढला. सुरुवातीला बाइटात किती बिट असावेत हेही पक्कं नव्हतं. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम ३६० नंतर आठ हा आकडा रुळला. तेव्हा वाहतूक बिटांत आणि साठवण बाइटांत ही फारकत जुनी आहे, कोणी फसवायला केलेली नाही. फक्त पूर्वी या दोन्हींशी संबंध अभियंत्यांचा यायचा आणि आता तो मंगळवार पेठेतल्या अल्बमवाल्याचा येतो.

त्याच्या टेबलावरच बघा. कॅमेऱ्यातल्या कार्डावर गोलात १० छापलेलं असतं, ते सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी. 'व्ही ३०' असेल तर ३० मेगाबाइट. कार्ड ज्या जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावतो तिचा वेग ४८०, पण ते मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. नेटचे १०० पुन्हा मेगाबिट. ब्राउझरमध्ये फाइल उतरताना दिसतो तो आकडा मेगाबाइट आणि स्पीड टेस्ट केली की दिसतो तो मेगाबिट. एकाच माणसानं दिवसभरात हे सगळं हाताळायचं आणि मराठीत सगळ्याला 'एमबी'च म्हणायचं.

बरं, हा नुसता शब्दांचा घोळ असता तर मी संपादकांना त्रास दिला नसता. लगीनसराईत या पोरानं ६४ जीबीचं भरलेलं कार्ड बाहेरगावच्या प्रिंटिंग लॅबला पाठवायला लावलं. अपलोडचा वेग किती, असं त्यानं आधी नेटवाल्याला विचारलं होतं. उत्तर आलं, "वीस." एमबी? "हो, एमबीच." पोरानं ६४ हजाराला वीसनं भागलं: ३,२०० सेकंद, त्रेपन्न मिनिटं. पार्टीला सांगून मोकळा झाला की जेवून येईपर्यंत काम होतंय. वीस मेगाबिट म्हणजे अडीच मेगाबाइट. खरा हिशेब २५,६०० सेकंदांचा, सात तासांच्या वर. पार्टीचे फोन सुरू झाले आणि शिव्या नेटवाल्याला बसल्या. पत्रकात अपलोडचा वेग छापलेलाच नसतो, हे आणखी वेगळं. फोटो, व्हिडिओ, कारखान्यांची ड्रॉइंग वरती पाठवणाऱ्यांसाठी खरा आकडा तोच असतो. उद्यमनगरात नि गोकुळ शिरगावला अशी किती कार्यालयं असतील, विचार करा.

हजार आणि १०२४ यांच्या भांडणाबद्दल थोडं लिहितो, कारण ते ऐकून लोकांना वाटतं की इथेही कोणीतरी हात मारतो आहे. संगणकाची स्मृती दोनच्या पटीत वाढते, म्हणून जुन्या मंडळींनी १०२४ ला किलो म्हणायला सुरुवात केली. आमच्या खात्याच्या दृष्टीनं हा गुन्हाच. किलो म्हणजे हजार, त्यात वाटाघाट नाही; आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेतही हे उपसर्ग दोनच्या घातांसाठी वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. वडिलांचं किराणा दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हाची गोष्ट ते सांगायचे: रुपयाचे चौसष्ट पैसे आणि रुपयाचे शंभर पैसे एकाच गल्ल्यात. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आता तो पाव पैसा कोणाचा? म्हणून सरकारनं नाण्यावरच 'नया पैसा' असं छापलं आणि जुनं मोडीत निघाल्यावर १९६४ मध्ये 'नया' काढून टाकलं. संगणकवाल्यांनीही १९९८ मध्ये हेच केलं. आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल कमिशननं १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. नावं बरी आहेत, पण विंडोजनं ती घेतली नाहीत आणि जुनं नाणं अजून चालूच आहे. म्हणून एक टेराबाइटची डिस्क आणली की विंडोजवर ९३१ जीबी दिसते आणि दुकानदाराला जाब विचारला जातो. अ‍ॅपलच्या मॅकवर २००९ पासून हजाराचाच हिशेब आहे, तिथे तीच डिस्क पूर्ण हजार जीबी दिसते. वेगाच्या बाबतीत मात्र हा वाद नाहीच. तारेवरचा किलोबिट हजाराचा, मेगाबिट दहा लाखांचा. घोळ होतो तो फक्त दाखवणाऱ्या संगणकाकडे.

मोबाइलवाल्यांचा प्रकार निराळा. तिथे रोजचा कोटा बाइटांत देतात आणि वेग बिटांत. 'दिवसाला २ जीबी' मिळाले आणि शंभर मेगाबिटचा वेग लागला तर सगळा कोटा १६० सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत उडू शकतो. नातू सकाळी सकाळी "आजोबा, नेट संपलं," म्हणतो त्याचं कारण त्याच्या वागण्यात शोधण्याआधी मी हा भागाकार करून बघितला. (वागण्यातही आहेच, पण ते पत्राच्या विषयात येत नाही.) कोटा संपल्यावर पुष्कळ योजनांत वेग ६४ केबीपीएसवर आणतात. लोकांना वाटतं, सेकंदाला ६४ केबी म्हणजे अगदीच काही वाईट नाही. ते किलोबिट आहेत, बाइटांत आठच. साधा ५ मेगाबाइटचा फोटो यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

सरकारी व्याख्याही याच तागडीत घालून बघाव्यात. २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट प्रति सेकंद मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. पुढे ५१२ झाले आणि २०२३ पासून किमान २ मेगाबिट. बाइटांत मांडलं तर सेकंदाला ३२ किलोबाइट, मग ६४, आता २५०. असं मांडलं की वीस वर्षांत किमान मर्यादा किती वर आली नि ती अजून कुठे आहे, हे सामान्य माणसालाही समजतं.

आणखी एक प्रकार राजारामपुरीत एका स्नेह्यांकडे पाहिला. योजना ३०० मेगाबिटची आणि संगणकावर मात्र कधीच ९४-९५ च्या वर जात नाही. हे आठानं भागायचं प्रकरण नव्हे. जुन्या राउटरचं भोक शंभरचं असलं, किंवा तारेतल्या चारपैकी दोनच जोड्या जोडलेल्या असल्या, तर वर कितीही सोडलं तरी खाली शंभरच्या आतच येणार. इथे ग्राहकाची तक्रार शंभर टक्के खरी असते. पण एककाच्या गोंधळामुळे सगळ्याच तक्रारी सारख्या ऐकू येतात आणि फोनवरचा मुलगा सगळ्यांना "राउटर बंद करून चालू करा," हेच सांगतो.

आता मागणी. इंटरनेट हा काही पाकीटबंद माल नाही, त्यामुळे माझ्या जुन्या खात्याचे हात तिथे पोचत नाहीत. तो विषय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा. त्यांनी मराठी आणि इतर भारतीय भाषांतल्या जाहिरातींपुरता एक साधा नियम करावा. 'एमबीपीएस' हे संक्षेपरूप देवनागरीत चालणार नाही. 'मेगाबिट प्रति सेकंद' असं पूर्ण लिहायचं आणि त्याच्या शेजारी, त्याच उंचीच्या अक्षरांत, मेगाबाइटमधला आकडा द्यायचा. अपलोडचा वेगही तसाच. शंभरच्या शेजारी साडेबारा छापला म्हणून कोणाचा धंदा बसत नाही. दर ग्रॅममागे किंमत छापायला लावली तेव्हाही धंदा बसेल असंच म्हणत होते.

प्राधिकरण करेल तेव्हा करेल, आपण उद्यापासून करू शकता. आपल्या जाहिरात विभागानं आणि अंकासोबत पत्रकं वाटायला घेणाऱ्या एजंटांनी असा कागद आला की एवढंच विचारावं: बिट की बाइट? आणि आपल्या बातम्यांतही '५जीचा वेग इतके एमबी' असं लिहिणं थांबवावं. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही, पण गेल्या महिन्यातल्या एकाच बातमीत मथळ्यात मेगाबाइट आणि मजकुरात मेगाबिट होतं. कात्रण सोबत जोडलं आहे, लाल पेन्सिलीच्या खुणेसह. सवय जात नाही.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. महाद्वार रोडवरच्या एका दुकानदार मित्रानं हे पत्र वाचून विचारलं, की सीसीटीव्हीचं महिनाभराचं रेकॉर्डिंग राहायला केवढी डिस्क घेऊ? तो हिशेब इतरांच्याही उपयोगी पडेल. चार कॅमेरे, प्रत्येकी साधारण २ मेगाबिट, एकूण ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला बरोबर १ मेगाबाइट. तासाला ३.६ जीबी, दिवसाला ८६.४. एक टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवस मावतात. तीस दिवसांना २,५९२ जीबी लागतात, तेव्हा ३ टीबीच्या खाली घेऊ नये. विकणाऱ्यानं त्याला एक टीबीत महिना निघतो असं सांगितलं होतं. कॅमेऱ्याचा वेग निम्म्याहून खाली आणून चित्र पुसट केलं तर निघेलही. पण मग चोराचा चेहरा ओळखू येईल का, हेही त्यालाच विचारून घ्यावं.